डाव्या हाताचा काप

१

माझा पहिला चाकू मला नवव्या वर्षी मिळाला, आणि तो लाडाने दिलेला नव्हता. आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली पोराला साधी छत्री घेऊन दिली तरी घरभर कौतुक चालतं. माझा बाप मला लोखंडी सामानाच्या दुकानात घेऊन गेला, चार चाकू काढायला लावले, प्रत्येकाचं पातं नखाने उघडून बघितलं, आणि त्यातला सगळ्यात ओबडधोबड उचलला. काळी शिंगाची मूठ, बोटभर पातं. स्प्रिंग इतकी ताठ की उघडायला मला दोन्ही हात आणि दात लागायचे. मला शेजारचा हवा होता, लाल मुठीचा.

"तो दाखवायला आहे," बाप म्हणाला. "हा कापायला आहे."

तरी त्या दिवशी मी राजा होतो. घरी पोचेपर्यंत खिशातला हात बाहेर काढला नाही. चाकूच्या वजनाने चड्डी एका बाजूने उतरत होती आणि ती वर ओढण्यातही मोठेपणा वाटत होता. शाळेत मधल्या सुट्टीत मी वर्गातल्या सगळ्या पेन्सिली तासून दिल्या. ज्यांना टोक होतं त्यांच्याही. मास्तरांनी चाकू काढून घेतला, दिवसभर टेबलावर ठेवला आणि संध्याकाळी परत देताना म्हणाले, "पेन्सिलीला टोक काढतोस तसं डोक्यालाही काढ जरा." डोक्याचं काही जमलं नाही. चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही.

झोपताना चाकू उशीखाली असायचा. आमच्या घरचं सगळं आत्या बघायची. आई मी दोन वर्षांचा असताना गेली, ती मला आठवत नाही.

"उशीखाली चाकू घेऊन कोण झोपतं रे?" आत्या म्हणाली.

"दरोडेखोर."

"मग दरोडेखोराने उद्यापासून आपलं अंथरूण आपण काढावं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण चाकू मला का मिळाला ते घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. ताई गेली होती, आणि तिच्या जागेवर आता मी होतो.

२

आमचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. बैठक फाटली की जुना वेत काढायचा, चौकटीची भोकं साफ करायची आणि बादलीत भिजवलेल्या पट्ट्यांनी नवी जाळी विणायची. त्या वर्षी एका जुन्या सभागृहाचं काम मिळालं होतं. दोनशेच्या वर खुर्च्या, आणि सगळ्या ओळीने फळीला ठोकलेल्या, फळी जमिनीला ठोकलेली. खुर्ची उलटी करायची सोय नाही. म्हणून एकाने वर बसायचं आणि एकाने खाली शिरायचं.

वर स्टुलावर बाप. तो पट्टीचं टोक भोकातून खाली सारायचा आणि चौकटीवर बोटाने एकदा ठोकायचा. खाली गोणपाटावर उताणं पडलेल्याने ते टोक धरायचं, शेजारच्या वळशाला दोन वेढे द्यायचे, ताणायचं आणि उरलेलं तिरकं कापून टाकायचं. तिरकं कापलं की टोक गाठीत दबून बसतं. सरळ कापलं की ताठ उभं राहतं आणि बसणाऱ्याच्या लुगड्या-धोतराच्या चिंध्या करतं. कापून झालं की खालच्याने एकदा ठोकायचं. मग पुढचं टोक. बोलायचं काम नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठक, ठक, एवढाच संवाद.

खालच्याला आणखी एक नियम होता. प्रत्येक कापानंतर चाकू मिटायचा. उताण्या माणसाच्या हातून उघडा चाकू निसटला तर तो तोंडावरच येतो. मी हा नियम पाळत नव्हतो. माझी स्प्रिंग ताठ. दर वेळी उघडायचं म्हटलं असतं तर पहिली ओळ अजून चालू असती. मी चाकू उघडाच छातीवर ठेवायचो आणि बापाला ते वरून दिसत नव्हतं.

ताई पाळायची. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आणि दहाव्या वर्षापासून खुर्च्यांखाली. तिच्या चाकूची टक् अशी मिटल्याची खूण आमच्या घरात घड्याळासारखी होती. तिने एवढंच मागितलं होतं की आता मला वर बसू दे.

"अकरा वर्षं मी खुर्च्यांची फक्त बुडं बघितली," ती म्हणाली होती. "मला विणता येतं. मी खालून बघून शिकलेय."

"खालून बघून कुणी शिकत नाही," बाप म्हणाला. "वर मी बसतो."

"आणि मी कधी?"

"मी मेल्यावर."

यावर ती काय बोलली ते मी सांगणार नाही. बाप त्यावर जे बोलला त्यात शेवटचा शब्द "चालती हो" हा होता. भर दुपारी ती एक पिशवी आणि आपला चाकू घेऊन निघून गेली. कुठे, ते आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर आठ महिने बापाने तिचं नाव काढलं नाही आणि कुणाला काढू दिलं नाही. जेवायचा, काम करायचा, आणि रस्त्यावर कुणी मुलगी चालत येताना दिसली की ती जवळ येईपर्यंत थांबायचा.

३

तिसऱ्या ओळीत ते सुरू झालं.

दुपारची वेळ. सभागृहाला एका बाजूला उंच खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला कोरी भिंत. खुर्चीखाली पडलं की अर्धवट विणलेल्या जाळीतून उजेडाचे ठिपके अंगावर पडतात आणि बापाच्या बोटांची सावली त्यावरून फिरते. मजा वाटायची मला त्याची. वरून ठक् झालं, टोक खाली आलं. माझ्या नाकावर वेताचा भुसा पडला होता म्हणून मी तोंड फिरवून शिंकलो. परत बघितलं तर टोकाला दोन वेढे पडलेले होते आणि ते कापलेलं होतं.

मला वाटलं मीच कापलं. कंटाळवाण्या कामात हात आपला आपण चालतो, हे कुठलाही कामकरी सांगेल. मी ठोकायला हात उचलला, तेवढ्यात चौकटीवर ठक् झालं.

मी ठोकलं नव्हतं.

बापाने पुढचं टोक खाली सारलं. त्याला काय, ठोका मिळाला.

उंदीर म्हणाल तर उंदीर कुरतडतो, त्याला वेढे घालता येत नाहीत. त्या दिवशी असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा माझं लक्ष दुसरीकडे असताना. आणि तिसऱ्या वेळी कापाच्या पाठोपाठ माझ्या डाव्या कानाला लागून आवाज आला. टक्.

माझा चाकू उघडा होता. माझ्या छातीवर. श्वासाबरोबर वरखाली होत होता.

४

संध्याकाळी बाप काम तपासायचा. त्याला वाकून बघायची गरज नव्हती. बैठकीखाली हात घालायचा आणि अंगठा टोकांवरून फिरवायचा, आंधळा वाचतो तसा. सरळ काप लागला की माझा कान पकडायचा. पण त्या दिवशी तिसऱ्या ओळीत त्याचा अंगठा एका जागी थांबला. पुढे गेला, मागे आला.

आम्ही सगळ्या खुर्च्यांखाली डोकं खुर्चीच्या पाठीकडे करूनच शिरायचो. त्यामुळे उजव्या हाताच्या माणसाने कापलं की कापाचा उतार भिंतीकडे पडतो. तो उतार खिडकीकडे होता.

"हा डाव्या हाताचा काप आहे," बाप म्हणाला.

आमच्या घरात डावरं एकच माणूस होतं.

बापाने माझ्याकडे बघितलं, मग सभागृहाच्या मागच्या दाराकडे.

"कधी आली होती?"

"कुणी नाही आलं, बाबा."

"आपण जेवायला अंगणात जातो तेव्हा येते. हो ना? तुला गप्प राहायला सांगितलंय." त्याने असं म्हटलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरची कातडी सैल पडली. "हट्टी आहे. तोंड नाही दाखवणार. काम करून दाखवेल."

घरी जाताना तो शीळ वाजवत होता. माझा बाप शीळ वाजवू शकतो हे मला माहीत नव्हतं. आत्याने भाकरी वाढता वाढता माझ्याकडे भुवया उडवून बघितलं, म्हणजे काय झालं याला. मी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या दाराची कडी काढून ठेवायला लागला. आणि डब्यातलं तिच्या वाटचं फडक्यात बांधून तिसऱ्या ओळीच्या टोकाला ठेवायचा. जेवून परत आलो की फडकं रिकामं असायचं. बाप ते झटकून घडी करायचा आणि मला म्हणायचा, "बघितलंस?"

५

मला शोध लावायचाच होता. माझ्या खिशात चाकू होता, आणि चाकूवाला माणूस घाबरून बसत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. मी सभागृहाच्या राखणदाराला गाठलं. त्याला सगळे किल्लीवाला म्हणायचे. कमरेला पंचवीस किल्ल्या, त्यातल्या तीनच कुठेतरी लागायच्या.

"मागच्या दाराने कोण येतं?" मी विचारलं.

"वारा."

"माणूस?"

"मागचं दार माझ्या खाटेसमोर आहे. तिथून माणूस गेला तर माझ्या पायावरून जाईल."

"तुम्ही झोपलेले असता."

"मी डोळे मिटून पहारा करतो," किल्लीवाला म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "तुझा बाप ते फडक्यात जेवण ठेवतो. ते कुणासाठी?"

"का?"

तो कान खाजवत राहिला. "पहिल्या दिवशी वाटलं विसरला. वाया जाईल म्हणून खाल्लं. दुसऱ्या दिवशी वाटलं माझ्यासाठीच ठेवतो, बोलायला लाजत असेल. तुझ्या आत्याच्या हाताला चव आहे, हे मात्र खरं." माझं तोंड बघून तो घाबरला. "कुणाचं होतं रे?"

मी म्हणालो तुमचंच. खात जा. बाबांना सांगू नका.

आता या म्हाताऱ्या वयात मला विचाराल तर मी तेव्हाच पळून जायला हवं होतं. पण पोराला पळायचं कुठे असतं? बाप वर बसणार, मी खाली शिरणार. आणि मला आणखी एक गोष्ट पक्की कळली होती. जेवणाच्या वेळी कुणी येत नव्हतं. जे काय व्हायचं ते मी खाली असताना व्हायचं. माझ्यापासून वीतभर अंतरावर.

६

मी एक दिवस कापलंच नाही. चाकू मिटून खिशात घातला, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि जाळीकडे टक लावून पडलो. ठक्. टोक आलं. ओलं होतं, त्यावरून थेंब माझ्या गळ्यावर पडला. मी पापणी न हलवता बघत राहिलो. टोक नुसतं लोंबत होतं.

वरून पुन्हा ठक् झालं. "झोपलास का रे खाली?" बाप म्हणाला.

मग मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझ्या पाठीखालचं गोणपाट डाव्या बाजूला ताणलं गेलं. शेजारी कुणी कुशीवर वळलं की अंथरूण ओढलं जातं, तसं. वेत ताणल्याची करकर. काप. टक्. ठक्.

माणूस दाराने आलं तर ते कुठूनतरी आलेलं असतं. त्याला परत जाता येतं. बाप म्हणत होता तसं ती गावात कुठे राहत असेल, रागावलेली असेल, एक दिवस तोंड दाखवेल. पण माझ्या शेजारी पडलेलं जे होतं ते दाराने आलेलं नव्हतं. याचा अर्थ काय, ते नऊ वर्षांच्या पोराला कळतं. मला कळलं. मला रडू आलं, आणि उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं.

भीती? होती ना. पण त्या भीतीत दुसरंही काहीतरी होतं. मी लहान असताना ताई मला तिच्या शेजारी खुर्चीखाली घेऊन पडायची. मला भूक लागली की वरून बापाला कळू न देता गूळ द्यायची. तीच जागा होती. तेवढंच अंतर.

मी भिंतीकडे बघत पुटपुटलो, "ताई, बाबा तुझी वाट बघतात गं."

बोललो तिथेच चुकलो. गोणपाट सैल झालं. पुढचं टोक आलं आणि लोंबत राहिलं, मी भिंतीकडे बघितलं तरी, डोळे मिटले तरी. ते मला कापावं लागलं. त्याच्या पुढचंही.

७

त्यानंतर काही झालं नाही. बाप संध्याकाळी अंगठा फिरवायचा. एक ओळ, दोन ओळी. सगळे उतार भिंतीकडे. पाचव्या दिवशी त्याने हात बाहेर काढला आणि तो बराच वेळ पँटला पुसत राहिला.

"तू तिला काही बोललास?"

"नाही."

"मी काही बोललो?"

हे त्याने मला विचारलं. नऊ वर्षांच्या पोराला. शीळ बंद झाली. ताटातलं तसंच राहू लागलं. आत्या म्हणाली, "तब्येत बघ स्वतःची, काड्या झाल्यात." तर म्हणाला, "वेत विणायला वजन कशाला लागतं." मागच्या दाराची कडी मात्र रोज काढायचा, आणि आता मधेच विणणं थांबवून दाराकडे बघत बसायचा. पाचेक मिनिटं. मी खाली टोकाची वाट बघत पडलेला.

त्याला खरं सांगितलं असतं तर? मी पुष्कळदा मनात वाक्य जुळवलं. बाबा, ती येत होती पण ती दाराने येत नव्हती. हे वाक्य कुठल्या पोराच्या तोंडून निघेल? मी दुसरा मार्ग काढला. मी चाकू डाव्या हातात घेतला.

घराच्या मागे बसून मी डाव्या हाताने फांद्या तासल्या, पेन्सिली तासल्या, आत्याचे बटाटे तासले. जमत नव्हतं. डावा हात माझा नव्हताच, कुणाकडून तरी मागून आणल्यासारखा होता. मग खुर्चीखाली सुरुवात केली. दहातलं एक टोक डाव्या हाताने. चाकू दोनदा निसटला, एकदा कानाजवळ पडला. उजव्या अंगठ्याला खोल कापलं. मी चिंधी बांधली आणि विचारलं तर दारात सापडला म्हणून सांगायचं ठरवलं.

संध्याकाळी बापाचा अंगठा त्या कापापाशी थांबला.

"हं," तो म्हणाला.

एवढंच. पण त्या दिवशी जेवला. मी रोज एकदोन काप तसे देत गेलो. किल्लीवाला रोज जेवत गेला. आम्ही तिघंही आपापल्या परीने तिला हजर ठेवत होतो म्हणा. हे पाप असेल तर असू दे, मला त्याची लाज वाटत नाही.

फक्त एकदा, शेवटून दुसऱ्या ओळीत, बापाने माझा हात धरला आणि चिंधी बघितली.

"उजव्या अंगठ्याला कसं कापलं?"

"दारात सापडला."

उजव्या हाताचा माणूस चाकूने कापून घेतो ते डाव्या अंगठ्याला. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. वेताचं काम केलेल्या माणसाला सुचायला काय वेळ लागतो. पण तो म्हणाला, "दारं जपून लावत जा," आणि हात सोडला.

८

शेवटच्या ओळीतली शेवटची खुर्ची, भिंतीकडची. दुपार कलत होती. मी सवयीप्रमाणे गोणपाट सरकवायला गेलो, तर बाप म्हणाला, "थांब. तू दारात जाऊन बस. तोंड बाहेर करून."

"मग खाली कोण?"

"बस म्हटलं ना."

त्याने चौकट साफ करून ठेवली होती. उभ्या आडव्या पट्ट्या भरून झाल्या होत्या, तिरक्या फेऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. तिरकीतच खरी कारागिरी. पट्टी कशाच्या वरून आणि कशाच्या खालून न्यायची ते तिथेच चुकतं. पट्ट्यांची बादली त्याने स्टुलाशेजारी ठेवली. स्टूल पुसलं. स्वतःच्या खांद्यावरच्या फडक्याने, दोनदा. मग सदरा काढला आणि खुर्चीखाली शिरायला लागला.

माझा बाप दांडगा माणूस. काड्या झाल्या तरी हाडं तीच. खांदे अडकले, डोकं फळीवर आपटलं. त्याने फळीला आणि फळी ठोकणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. शेवटी छातीपर्यंत आत गेला, पाय बाहेर. मी हसलो असतो. तेवढ्यात तो बोलायला लागला, आणि माझ्याशी बोलत नव्हता.

"वर जागा आहे," तो म्हणाला. "बस."

मी दारात तोंड बाहेर करून बसलो. समोर अंगण, खाटेवर डोळे मिटून पहारा करणारा किल्लीवाला, भिंतीवर वाळत घातलेली त्याची बंडी. सगळं रोजचं. मागे काहीच नव्हतं, बराच वेळ. मला वाटलं आता बाप कुशीवर वळून रडेल आणि मला त्याला ओढून बाहेर काढावं लागेल. मी त्याची तयारी केली होती.

मग पाण्याचा आवाज आला. बादलीतून पट्टी उपसताना येतो तो. थेंब लाकडावर पडतात, मग जमिनीवर.

ठक्.

खालून करकर. काप. माझ्या बापाने ताईच्या जागेवर पडून चाकू मिटला. टक्. आणि त्याने खालून ठोकलं. ठक्.

पुन्हा पाणी.

मला बघायचं नव्हतं. हे शपथेवर सांगतो. मान आपोआप वळली. स्टुलावर कुणी नव्हतं. बादलीतून एक लांब ओली पट्टी वर आलेली होती, बैठकीच्या काठावरून आत गेलेली. तिचं शेपूट सरकत होतं. सरसर नाही. थोडं सरकायचं, थांबायचं. भोकं मोजत असावं कुणी, वरून की खालून ते आठवत असावं, तसं. मग पुन्हा थोडं. एकदा ते मागेही गेलं, चूक झाली म्हणून पट्टी ओढून काढावी तसं. खाली बापाचा हात जाळीकडे उघडा धरलेला दिसत होता. तो घाई करत नव्हता. माझ्या वेळी टोकाला क्षणभर उशीर झाला की खेकसणारा माणूस. हात उघडा ठेवून पडून होता, लागेल तेवढा वेळ.

"घाई नाही," तो म्हणाला.

मी तोंड परत अंगणाकडे केलं आणि ठोके ऐकत राहिलो. ऊन बंडीवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून कौलावर. किल्लीवाला उठला, तोंड धुतलं, माझ्याकडे बघून म्हणाला, "आज बापाला मदत नाही करत?" मी म्हणालो, "मदतीला माणूस आहे." तो आत डोकावणार होता. मी दारात आडवा पाय घातला. काय कारण होतं ते त्याने विचारलं नाही. किल्ल्या वाजवत निघून गेला.

मग ठोके थांबले.

बाप बाहेर आला तेव्हा त्याच्या केसात भुसा होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत दोन्ही बाजूंना ओले ओघळ होते. मला ते ओघळ ओळखीचे होते. त्याने बैठकीवर हात फिरवला. जाळी ताणून बसली होती, दाबली तर ढोलासारखी. पण डाव्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी वरून जायची तिथे खालून गेली होती. नवशिक्याची चूक. मी केली असती तर सगळी फेरी उसवायला लावली असती त्याने.

त्याने त्या चुकीवर अंगठा ठेवला. मग हत्यारं गोळा करायला लागला.

"बाबा, ते तसंच?"

"चांगली झालीय," तो म्हणाला.

बादली रिकामी केली. गोणपाट झटकलं. मागच्या दाराशी जाऊन त्याने कडी घातली, नीट बसली का ते ओढून बघितलं. रस्त्यात त्या दिवशी समोरून दोन मुली आल्या, तो थांबला नाही. घर जवळ आल्यावर त्याने माझ्यापुढे हात केला.

"चाकू दे."

मला वाटलं गेला आता. मी खिशातून काढून दिला. त्याने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. खिळ्याच्या जागी थुंकी लावून पातं चारसहा वेळा वरखाली केलं, स्प्रिंग जरा नरम झाली. मग मिटून माझ्या हातात परत ठेवला आणि माझी बोटं त्याच्यावर आपल्या हाताने बंद केली. उजव्या हाताची.

"उद्यापासून याच हाताने काप," तो म्हणाला. "आता खाली तू एकटाच आहेस."